कोड लोड होण्याआधीच सशर्त ब्रेकपॉइंट कसा लावायचा

प्रोग्रॅम सुरू होतो, काही वेळाने डीएलओपन (प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररी उघडणारे फंक्शन) बोलावून एक प्लगइन लायब्ररी उघडतो, आणि त्या लायब्ररीतल्या एका ओळीवर तुम्हाला थांबायचे आहे. तेही दर वेळी नाही, रक्कम ५०,००० च्या वर गेली तरच. अडचण दुहेरी आहे. ती ओळ अजून मेमरीत आलेलीच नाही, म्हणून ब्रेकपॉइंटला, म्हणजे थांबण्याच्या खुणेला, पत्ता नाही. शिवाय अटीतले 'रक्कम' हे व्हेरिएबल कुठल्या फंक्शनमधले, कुठल्या टाइपचे, हे सांगणारी डिबग माहितीही त्याच लायब्ररीत आहे, म्हणून अटीला अर्थ नाही.

यावर सगळेच डिबगर (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत बघू देणारी साधने) साधारण एकच उपाय करतात. जागा आणि अट मजकूर म्हणून लिहून ठेवायची, लायब्ररी आली की पत्ता शोधायचा, आणि अटीचा अर्थ मग लावायचा. हे 'मग' म्हणजे नेमके केव्हा, ते मात्र डिबगरगणिक बदलते. अटीत केलेली चूक लगेच कळेल, दहा मिनिटांनी कळेल की कधीच कळणार नाही, हे त्यावर ठरते. म्हणून ब्रेकपॉइंट लावण्याइतकेच, तो खरोखर बसला का हे लायब्ररी लोड झाल्याच्या क्षणी पाहणे महत्त्वाचे आहे. खालचा बराचसा भाग त्याबद्दलच आहे.

मुख्य उदाहरण लिनक्सवरच्या जीडीबी या डिबगरचे घेतले आहे. प्रोग्रॅमचे नाव 'बिल', लायब्ररी 'लिबकर.एसओ', तिचा सोर्स 'कर.सी'. थांबायचे आहे ४२ व्या ओळीवर, 'कर_काढ' या फंक्शनमध्ये. तिथे 'रक्कम' हा पूर्णांक आणि 'राज्य' ही स्ट्रिंग दिसते. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

सुरू करण्याआधी

लायब्ररी '-जी' (डिबग माहिती ठेवण्याचा पर्याय) देऊन कंपाइल झालेली हवी, आणि शक्यतो '-ओ०' किंवा '-ओजी' या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर. '-ओ२' वर लाइन नंबर सरकतात, छोटी फंक्शने इनलाइन होतात आणि 'रक्कम' एखाद्या रजिस्टरमध्ये थोडा वेळ राहून नाहीसे होते. मग अट तपासताना जीडीबीला किंमतच मिळत नाही. अशा वेळी तो चूक झाल्याचे सांगून प्रोग्रॅम थांबवतो, म्हणजे सशर्त ब्रेकपॉइंट बिनशर्त झाल्यासारखा वागतो.

दुसरे म्हणजे, लायब्ररी खरोखरच उशिरा लोड होते का ते बघा. 'एलडीडी' (लिंक केलेल्या लायब्ररींची यादी देणारी कमांड) चालवून लिबकर.एसओ यादीत दिसली, तर ती प्रोग्रॅमशी लिंक केलेली आहे आणि 'मेन' सुरू होण्याआधीच मेमरीत येते. तसे असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. जीडीबीत 'स्टार्ट' कमांड द्या. ती 'मेन'वर थांबते, तोवर लायब्ररीची माहिती वाचून झालेली असते. मग नेहमीसारखा ब्रेकपॉइंट लावला की अटीतली चूक तिथल्या तिथे कळते. पेंडिंगची, म्हणजे ब्रेकपॉइंट आधीच नोंदवून लायब्ररी येईपर्यंत ताटकळत ठेवण्याची, वाट फक्त डीएलओपनने येणाऱ्या लायब्ररींसाठी, किंवा 'मेन'च्या आधी चालणाऱ्या कन्स्ट्रक्टरमध्ये (लायब्ररी लोड होताच आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) थांबायचे असेल तर.

जीडीबीत लावण्याची पद्धत

    सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन
    ब्रेक कर.सी:४२ इफ रक्कम > ५००००
    कॅच लोड लिबकर
    रन

पहिल्या ओळीशिवाय काय होते ते आधी समजून घ्या. या सेटिंगची मूळ किंमत 'ऑटो' असते. कर.सी नावाची फाइल सापडत नाही असे सांगून जीडीबी विचारतो, की पुढे लायब्ररी लोड होईल तेव्हासाठी ब्रेकपॉइंट पेंडिंग ठेवू का? या प्रश्नाचे गृहीत उत्तर 'नाही' आहे. समोर बसून 'वाय' दाबलेत तर प्रश्न मिटला. पण कमांड फाइलमधून, '-बॅच' वापरून किंवा सीआयच्या (बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) स्क्रिप्टमधून चालवत असाल तर इनपुट टर्मिनलवरून येत नसते, आणि जीडीबी स्वतःच 'नाही' धरून पुढे जातो. ब्रेकपॉइंट तयारच होत नाही. 'सेट कन्फर्म ऑफ' दिलेले असले तरीही तेच, कारण मग प्रश्न विचारलाच जात नाही आणि गृहीत उत्तर लागू होते. स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ न चुकता घाला, आणि ती 'ब्रेक'च्या आधी आली पाहिजे.

'ऑन' ठेवण्याची किंमतही आहे. फाइलच्या नावात एक अक्षर चुकले तरी जीडीबी आता अडवणार नाही. 'करर.सी' ही उद्या येणारी फाइल असेल असे समजून तो शांतपणे वाट पाहत राहील. म्हणून हे सेटिंग कायमस्वरूपी 'डॉट जीडीबीइनिट' फाइलमध्ये टाकण्यापेक्षा त्या त्या स्क्रिप्टमध्ये ठेवलेले आम्हाला बरे वाटते.

'रन'च्या आधी 'इन्फो ब्रेकपॉइंट्स' द्या. पत्त्याच्या रकान्यात 'पेंडिंग' दिसेल आणि तुम्ही टाइप केलेला मजकूर, अटीसकट, जसाच्या तसा दिसेल. अट दिसली म्हणजे ती बरोबर आहे असे नव्हे. 'रक्कम' ऐवजी 'रकम' लिहिले असते तरी इथे ते तसेच दिसले असते. या घडीला जीडीबीकडे ते पडताळायला काहीच साधन नाही.

लोड होताना आत काय घडते

लिनक्सवर लायब्ररी आणण्याचे काम डायनॅमिक लिंकर करतो. आणलेल्या लायब्ररींची यादी तो 'आर_डीबग' नावाच्या रचनेत ठेवतो, आणि यादी बदलली की '_डीएल_डीबग_स्टेट' हे फंक्शन बोलावतो. या फंक्शनच्या पोटात काहीच नाही. डिबगरला पाय ठेवायला जागा मिळावी एवढ्यासाठीच ते आहे. जीडीबी तिथे, किंवा लिंकरमध्ये प्रोब (डिबगरसाठी ठेवलेल्या खुणा) असतील तर त्या प्रोबवर, स्वतःचा गुप्त ब्रेकपॉइंट ठेवतो. 'मेंट इन्फो ब्रेकपॉइंट्स' दिलेत तर हे गुप्त ब्रेकपॉइंट ऋण क्रमांकांनी दिसतात.

तो लागला की जीडीबी नवी यादी वाचतो, लिबकर.एसओची डिबग माहिती उघडतो, आणि ताटकळत असलेला प्रत्येक ब्रेकपॉइंट पुन्हा शोधून बघतो. कर.सी:४२ चा पत्ता मिळाला की त्या ठिकाणच्या कोडच्या संदर्भात अटीचा मजकूर वाचला जातो. 'रक्कम' कुठले, टाइप कोणता, रजिस्टरमध्ये आहे की स्टॅकवर, हे सगळे तेव्हा ठरते. मग एक्स८६ वर त्या सूचनेचा पहिला बाइट बाजूला ठेवून तिथे ट्रॅपचा, म्हणजे प्रोग्रॅम थांबवणाऱ्या सूचनेचा, एक बाइट लिहिला जातो.

हे सगळे लायब्ररीचे कन्स्ट्रक्टर चालण्याआधी होते. त्यामुळे सी++ मधल्या ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरमध्ये किंवा कन्स्ट्रक्टर म्हणून जाहीर केलेल्या सी फंक्शनमध्येही पेंडिंग ब्रेकपॉइंट वेळेवर बसतो. डीएलओपन परतल्यावर ब्रेकपॉइंट लावू म्हटले तर हा भाग हातातून निसटलेला असतो. पेंडिंगची खरी गरज इथे आहे.

लोडच्या क्षणी थांबून तपासा

'कॅच लोड लिबकर' ही ओळ यासाठीच वर घातली आहे. नावाशी जुळणारी लायब्ररी आली की प्रोग्रॅम तिथे थांबतो. आता तीन गोष्टी बघायच्या.

    इन्फो शेअर्डलायब्ररी लिबकर
    इन्फो ब्रेकपॉइंट्स
    इन्फो स्कोप कर.सी:४२

पहिलीत सिम्बॉल वाचल्याच्या रकान्यात 'येस' हवे. त्यापुढे कंसात तारा असेल तर लायब्ररी सापडली, पण तिच्यात डिबग माहिती नाही. मग फाइल-ओळ धरून लावलेला ब्रेकपॉइंट बसणे शक्यच नाही. बहुतेकदा बिल्डच्या शेवटी 'स्ट्रिप' (डिबग माहिती काढून टाकणारी कमांड) चालवलेले असते, किंवा प्रोग्रॅम दुसऱ्याच फोल्डरमधली जुनी प्रत उचलत असतो. याच यादीत लायब्ररीचा पूर्ण पाथ दिसतो, तो जरूर वाचा.

दुसरीत 'पेंडिंग' जाऊन पत्ता, फंक्शनचे नाव आणि ओळ दिसायला हवी. ओळ ४२ ऐवजी ४४ दिसली तर ४२ वर चालण्याजोगा कोड नाही, रिकामी ओळ किंवा कॉमेंट आहे, आणि जीडीबीने पुढची कोड असलेली ओळ घेतली आहे. ती तुम्हाला हवी त्याच ब्लॉकमध्ये आहे ना ते बघा. 'इफ'चा ब्लॉक संपून बाहेरची ओळ धरली गेली असेल तर अट भलत्याच ठिकाणी तपासली जाईल.

तिसरी कमांड फार कमी लोक वापरतात, आणि या कामात ती सगळ्यात उपयोगी आहे. त्या ओळीवर कोणती लोकल व्हेरिएबल्स दिसतात आणि ती कुठे ठेवली आहेत, ते ती सांगते. त्यासाठी प्रोग्रॅम त्या ओळीवर पोचलेला असण्याची गरज नाही. यादीत 'रक्कम' नसेल तर अट चालणार नाही हे इथेच कळते.

अट चुकलेली असेल तर लोडच्या वेळी जीडीबी ब्रेकपॉइंट पुन्हा बसवताना चूक झाल्याची एक ओळ छापतो आणि पुढे जातो. प्रोग्रॅम भराभर लॉग टाकत असेल तर ती ओळ डोळ्यांदेखत वर निघून जाते. ब्रेकपॉइंट मात्र काम करत नसतो, आणि 'अट कधी खरीच झाली नाही' असा चुकीचा निष्कर्ष आपण काढतो. लोडवर थांबून तपासले की ही फसगत टळते. दुरुस्ती तिथेच करता येते:

    कंडिशन १ रक्कम > ५००००

यातला १ हा ब्रेकपॉइंटचा क्रमांक. आता लायब्ररी समोर आहे, त्यामुळे चूक असेल तर कमांड लगेच नाकारली जाईल. त्यानंतर 'कंटिन्यू'.

एकाच नावाच्या दोन फाइली

हा प्रकार मोठ्या प्रोजेक्टमध्ये हमखास भेटतो. मुख्य प्रोग्रॅममध्येही एक कर.सी आहे. मग ब्रेकपॉइंट पेंडिंग राहतच नाही. जीडीबीला मुख्य प्रोग्रॅमची कर.सी सापडते, तो तिथली ४२ वी ओळ धरतो आणि तिथल्या संदर्भात अट वाचतो. तिथे 'रक्कम' नसेल तर असे सिम्बॉल नाही म्हणून ब्रेकपॉइंट नाकारला जातो. तिथे योगायोगाने दुसरेच 'रक्कम' असेल तर ते आणखी वाईट, कारण भलत्या ठिकाणी थांबणे सुरू होते.

नाव एकच असले तरी पाथ वेगळा असतो, म्हणून पाथचा शेवटचा भाग द्या: 'ब्रेक प्लगइन/कर.सी:४२ इफ रक्कम > ५००००'. जीडीबी पाथ शेवटाकडून जुळवतो, त्यामुळे एवढे पुरते. मात्र कंपाइल करताना फाइल ज्या पाथने दिली होती तोच पाथ डिबग माहितीत असतो. बिल्ड सिस्टीम दुसऱ्या फोल्डरमधून चालत असेल तर लायब्ररी लोड झाल्यावर 'इन्फो सोर्सेस' देऊन तो एकदा पाहून घ्या.

फंक्शनच्या नावावर ब्रेकपॉइंट लावायचा असेल आणि त्या नावाची फंक्शने दोन्हीकडे असतील, तर नुसत्या नावाने लावलेल्या ब्रेकपॉइंटची अट मुख्य प्रोग्रॅममधल्या फंक्शनवर अडते. त्यासाठी २०२१ साली आलेल्या ११ व्या आवृत्तीपासून सोय आहे:

    ब्रेक कर_काढ -फोर्स-कंडिशन इफ रक्कम > ५००००

अट आत्ताच्या एकाही जागी वैध नसली तरी ठेवून घे, पुढे येणाऱ्या जागी ती लागू होईल, असा याचा अर्थ. ज्या जागी अट बसत नाही ती जागा जीडीबी बंद ठेवतो आणि यादीत 'एन' पुढे तारा दाखवतो. लायब्ररी आली की तिची जागा १.२ अशी त्याच ब्रेकपॉइंटखाली जोडली जाते आणि अट वैध असेल तर चालू होते. आधीच्या आवृत्त्यांत एका जागी जरी अट बसली नाही तरी अख्खा ब्रेकपॉइंट नाकारला जात असे. म्हणून जुनी आवृत्ती असेल तर आधी 'कॅच लोड'वर थांबा आणि ब्रेकपॉइंट तिथे लावा.

अट लिहिताना

तुलनेला दोन बरोबर चिन्हे लागतात हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी ही चूक होते, आणि इथे तिचे परिणाम गंभीर आहेत. 'इफ रक्कम = ५' ही जीडीबीच्या दृष्टीने वैध अट आहे. ती दर वेळी चालत्या प्रोग्रॅममधल्या 'रक्कम'मध्ये ५ लिहिते, आणि ५ म्हणजे खरे म्हणून थांबते. तुम्ही बघायला गेलात ती किंमत तुम्हीच बदललेली असते.

स्ट्रिंगची तुलना करायची असेल तर बरेच जण सी मधले 'स्ट्रकंप' हे फंक्शन वापरतात. ते चालते, पण जीडीबी ते फंक्शन तुमच्याच प्रोग्रॅममध्ये, थांबलेल्या थ्रेडवर चालवतो. दर वेळी रजिस्टर जपून ठेवणे, फंक्शन चालवणे, परत आणणे असा व्याप होतो. फंक्शन लॉक घेणारे असेल आणि तो लॉक दुसऱ्या थ्रेडकडे असेल तर प्रोग्रॅम गोठूही शकतो. त्यापेक्षा जीडीबीचे स्वतःचे फंक्शन वापरा:

    ब्रेक कर.सी:४२ इफ $_स्ट्रईक्यू(राज्य, "एमएच")

डॉलर आणि अंडरस्कोरनंतर एस, टी, आर, ई, क्यू ही अक्षरे सलग. हे मेमरी वाचून जीडीबीच्या बाजूनेच तुलना करते. त्यासाठी जीडीबीत पायथनचा आधार असावा लागतो, तो बहुतेक डिस्ट्रिब्युशनच्या पॅकेजमध्ये असतोच.

ठरावीक थ्रेडवरच थांबायचे असेल तर 'थ्रेड ३' असे लिहून भागत नाही, कारण 'रन'च्या आधी तिसरा थ्रेड अस्तित्वातच नसतो आणि कमांड नाकारली जाते. अटीत '$_थ्रेड == ३' लिहा. अट चालते तेव्हा थ्रेड तिथे असतो.

पॉइंटरमधून आत जाणारी अट, म्हणजे बिलातल्या ग्राहकाचा कोड वगैरे, लिहिताना आधी पॉइंटर रिकामा नाही हे तपासा: 'बिल != ० && बिल->कोड == ७'. नाहीतर पॉइंटर शून्य असलेल्या पहिल्याच फेरीला मेमरी वाचता येत नाही म्हणून जीडीबी थांबेल.

वेग

अट खोटी असली तरी ट्रॅप दर वेळी बसतो. कर्नल प्रोग्रॅम थांबवतो, जीडीबीला जागे करतो, जीडीबी अट तपासतो, मूळ सूचना चालवून पुन्हा ट्रॅप ठेवतो आणि प्रोग्रॅम सोडतो. सेकंदाला काही वेळा चालणाऱ्या ओळीवर हे जाणवत नाही. लाखो फेऱ्यांच्या लूपमध्ये मात्र प्रोग्रॅम अडकल्यासारखा वाटतो.

त्यावर पहिला उपाय म्हणजे ब्रेकपॉइंट लूपच्या बाहेर, अट लवकर ठरते अशा जागी हलवणे. दुसरा, दूरच्या मशीनवर जीडीबीसर्व्हर असेल तर 'सेट ब्रेकपॉइंट कंडिशन-इव्हॅल्युएशन टार्गेट'. यात अट बाइटकोडच्या रूपाने सर्व्हरकडे जाते आणि तिथेच तपासली जाते, त्यामुळे दर फेरीला नेटवर्कवरून जा-ये होत नाही. तिसरा आणि सगळ्यात वेगवान उपाय म्हणजे लायब्ररी पुन्हा बिल्ड करता येत असेल तर अट कोडमध्येच लिहून आत 'रेझ(सिगट्रॅप)', म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःलाच ट्रॅपचा सिग्नल देणे, घालणे. अट मग सीपीयूच्या वेगाने तपासली जाते आणि खरी ठरली तरच डिबगर मध्ये येतो. काम झाल्यावर ती ओळ काढायला विसरू नका, डिबगर नसताना तिच्यामुळे प्रोग्रॅम बंद पडतो.

तरीही थांबत नाही?

'इन्फो ब्रेकपॉइंट्स'मधला 'इतक्या वेळा लागला' हा आकडा फसवा आहे. अट खोटी ठरलेल्या फेऱ्या जीडीबी त्यात मोजत नाही. म्हणून आकडा दिसत नाही याचा अर्थ ओळ चाललीच नाही असा होत नाही. 'कंडिशन १' एवढेच देऊन अट काढून टाका आणि पुन्हा चालवा. आता थांबला तर जागा बरोबर, चूक अटीत. तरी थांबत नसेल तर खालच्या शक्यता बघा.

लायब्ररी चाइल्ड प्रोसेसमध्ये लोड होत असेल. फोर्क झाल्यावर (प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर) जीडीबी मुळात पालक प्रोसेसबरोबर राहतो आणि चाइल्डला सोडून देतो, त्यामुळे ब्रेकपॉइंट शेवटपर्यंत पेंडिंगच दिसतो. 'सेट फॉलो-फोर्क-मोड चाइल्ड' द्या, किंवा दोन्ही हवे असतील तर 'सेट डिटॅच-ऑन-फोर्क ऑफ'. वर्कर प्रोसेस काढणाऱ्या सर्व्हरमध्ये पहिला संशय इथेच घ्यावा.

कोणीतरी 'सेट ऑटो-सोलिब-ॲड ऑफ' करून ठेवले असेल. मग लायब्ररीची डिबग माहिती आपोआप वाचली जात नाही. 'शेअर्डलायब्ररी लिबकर' दिल्यावर ती वाचली जाते आणि ब्रेकपॉइंट बसतो.

ब्रेकपॉइंट तारा घालून थेट पत्त्यावर लावला असेल. पत्त्याला नाव नसते, त्यामुळे तो पेंडिंग होऊ शकत नाही. लायब्ररी नसताना त्या मेमरीत लिहिता येत नाही म्हणून 'रन'च अडते.

लायब्ररी डीएलक्लोजने बंद झाली की तिच्यातले ब्रेकपॉइंट तात्पुरते बंद केल्याचे जीडीबी सांगतो आणि ते पुन्हा पेंडिंग होतात. पुन्हा डीएलओपन झाले की पत्ता नव्याने काढला जातो, अट नव्याने वाचली जाते. मधल्या काळात लायब्ररी नव्याने बिल्ड केली असेल तर ४२ वी ओळ आता वेगळी असू शकते. वारंवार बिल्ड होणाऱ्या प्लगइनसाठी ओळीपेक्षा फंक्शनच्या नावावर लावलेला ब्रेकपॉइंट जास्त टिकतो.

एलएलडीबीमध्ये

    ब्रेकपॉइंट सेट --फाइल कर.सी --लाइन ४२ --शेअर्डलिब लिबकर.एसओ --कंडिशन 'रक्कम > ५००००'

यातला लायब्ररीचा पर्याय टाइप करताना 'शलिब' असा आखूड असतो: एस, एच, एल, आय, बी. एलएलडीबी हा दुसरा डिबगर काही विचारत नाही. एकही जागा सापडली नाही, पेंडिंग आहे, एवढे सांगून ब्रेकपॉइंट तयार करतो. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये जीडीबीसारखा प्रश्नाचा घोळ नाही, आणि लायब्ररीचे नाव देता येत असल्याने एकाच नावाच्या दोन फाइलींचा गोंधळही मिटतो. मॅकओएसवर नावाचा शेवट 'डायलिब' असतो तेवढे बदला.

फरक अटीच्या बाबतीत आहे. एलएलडीबी ती लायब्ररी लोड झाल्यावरही तपासत नाही. त्या जागी प्रोग्रॅम पहिल्यांदा पोचतो तेव्हा तिथल्या संदर्भात अट कंपाइल होते आणि पुढच्या फेऱ्यांसाठी ठेवून दिली जाते. चूक असेल तर त्या क्षणी प्रोग्रॅम थांबतो आणि कुठल्या जागेची अट तपासताना चूक झाली ते छापले जाते. म्हणजे चूक उशिरा कळते, पण नजरेआड होत नाही. एलएलडीबीत प्रत्येक जागेला वेगळी अटही देता येते: 'ब्रेकपॉइंट मॉडिफाय' ला १.२ असा जागेचा क्रमांक द्या. जीडीबीत अट अख्ख्या ब्रेकपॉइंटची एकच असते.

ब्रेकपॉइंट बसत नसेल तर 'इमेज लिस्ट' देऊन लायब्ररी आली का आणि कुठून आली ते बघा. ओळ हेडर फाइलमधल्या इनलाइन फंक्शनची असेल तर 'टार्गेट.इनलाइन-ब्रेकपॉइंट-स्ट्रॅटेजी' हे सेटिंग 'ऑलवेज' आहे ना ते तपासा.

इतर ठिकाणी

विंडोजवरच्या विंडबग या डिबगरमध्ये 'बीपी' ऐवजी 'बीयू' वापरा. तो मॉड्यूल आणि फंक्शनचे नाव तसेच धरून ठेवतो, आणि डीएलएल (विंडोजवरची लायब्ररी) उतरून पुन्हा चढली तरी टिकतो. अट त्याच्या कमांड स्ट्रिंगमध्ये 'डॉट इफ' ने लिहायची आणि खोट्या बाजूला 'जीसी' द्यायचे, नाहीतर अट खोटी असतानाही तिथेच थांबेल. डीएलएल येताच थांबायला 'एसएक्सई एलडी:' पुढे तिचे नाव.

जावात वर्ग पहिल्यांदा वापरला जातो तेव्हा लोड होतो, म्हणून जवळपास प्रत्येक ब्रेकपॉइंट आधी पेंडिंगच असतो. डिबगर जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या यंत्रणेला) सांगून ठेवतो की या नावाचा वर्ग तयार झाला की कळव. ती सूचना स्टॅटिक ब्लॉक चालण्याआधी येते, त्यामुळे तिथेही थांबता येते. डिबगर आणि जेव्हीएम यांच्यातल्या जेडीडब्ल्यूपी या प्रोटोकॉलमध्ये अटीसाठी जागा राखलेली आहे, पण ती भविष्यासाठी म्हणून रिकामीच आहे. अट तपासण्याचे काम आयडीईच (कोड लिहिण्या-डिबग करण्याचे सॉफ्टवेअर) करते, आणि वारंवार चालणाऱ्या ओळीवर जावात जाणवणारा संथपणा त्यातूनच येतो.

पायथनच्या पीडीबी या डिबगरमध्ये अट स्वल्पविरामानंतर लिहायची: 'ब्रेक कर.पीवाय:४२, रक्कम > ५००००'. फाइल अजून इम्पोर्ट झालेली नसली तरी चालते, कारण पीडीबी डिस्कवरची फाइल उघडून ओळ तपासतो. फंक्शनच्या नावाने मात्र इम्पोर्टआधी लागत नाही. अटीत चूक असेल तर पीडीबी थांबतो.

क्रोम आणि नोडमध्ये ब्रेकपॉइंट यूआरएल धरून ठेवला जातो आणि स्क्रिप्ट पार्स होताच बसतो. व्हीएस कोडमध्ये तोवर वर्तुळ लाल न दिसता राखाडी, पोकळ दिसते. इथली अट इंजिनच्या आत चालते, त्यामुळे ती वेगवान असते. पण अट चालवताना एरर आली तर व्ही८ (क्रोम आणि नोडचे इंजिन) ती खोटी धरून पुढे निघून जातो, वर पाहिलेल्या डिबगरांच्या नेमके उलट. 'रकम' असे चुकीचे नाव लिहिलेत तर प्रोग्रॅम कधीच थांबणार नाही. टाइपस्क्रिप्ट बंडल केलेले असेल तर हे अचूक नाव लिहूनही घडू शकते, कारण मिनिफाय करताना (कोड आखूड करताना) 'रक्कम'चे 'टी' झालेले असते आणि इंजिनला तेच नाव माहीत असते. त्या ओळीवर एकदा बिनशर्त थांबून स्कोपच्या चौकटीत खरे नाव बघा आणि अट त्या नावाने लिहा.